राणीसाहेबांच्या नावाचे पदक

उजाडले तरी भैरवदुर्गाच्या दरीतले धुके हटत नव्हते आणि सज्जात येरझारा घालणाऱ्या राणी कमळजाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पायथ्याशी हैबतरावाचा वेढा, कोठारात मूठभर नाचणी, आणि अशा वेळी कारभारी नरसोपंतांना राणीसाहेबांच्या गौरवाचे पदक ओतण्याची हुक्की आली होती! ओतारी पडद्याआड येऊन मेणात मुखवटा उतरवील, त्यावरून कांस्याची पदके ओतून शिबंदीला वाटू, अशी पंतांची अर्जी होती.

"तोफगोळ्यांसाठी देवळाच्या घंटा वितळवल्या, मंजुळे," राणीसाहेब दासीला म्हणाल्या. "मग पदकांना धातू कुठला?"

मंजुळा चपापली. राणीवशाचा पडदा इतका कडक, की दासींखेरीज बाईसाहेबांचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. कुमक आणण्यासाठी त्या वेषांतर करून गड उतरणार, हे मात्र पंतांना ठाऊक होते. धातू हैबतरावाकडूनच आला असणार आणि राणी ओळखता यावी म्हणून पहिले पदक त्याच्याच चौकीवर जाणार, हे उघड होते. पंतांना कैद करावे, तर दरवाजावरचा पहारा त्यांचाच.

"मुखवट्याला मी बसते, सरकार," मंजुळा म्हणाली.

राणीसाहेबांनी साफ नकार दिला, रागावल्या, शेवटी रडल्या. मंजुळा मात्र हटली नाही. राणीसाहेबांचे दागिने लेवून ती ओताऱ्यासमोर बसली.

राणी सापडल्याशिवाय चौकीवरची झडती थांबणार नव्हती, म्हणून पदके वाटली जाताच मंजुळाही निघाली आणि दोघी वेढ्याच्या छावणीला सरपण पुरवणाऱ्या मोळीविक्या बायकांच्या घोळक्यातून गड उतरल्या. चौकीवर जमादाराने हातातले पदक पाहिले, मंजुळेचा पदर ओढला आणि जल्लोष उसळला.

"हात लावू नका. आम्ही चालतो," मंजुळा म्हणाली. तो करारी सूर राणीसाहेबांचाच होता. डोक्यावरची मोळी सावरत राणीसाहेब तशाच पुढे चालत राहिल्या. मागे वळून पाहण्याची त्यांना सोय नव्हती.

कुमक आली, वेढा उठला, नरसोपंतांच्या पायांत बेड्या पडल्या. पण खरा प्रकार कळताच हैबतरावाने मंजुळेची गर्दन मारली होती.

दरबार भरला तेव्हा मानकऱ्यांनी विनवले, की ती पदके वितळवून सरकारांच्या खऱ्या मुखाची ओतावीत.

"आमच्या नावाने जी मेली, तिचाच चेहरा राहील," राणीसाहेब म्हणाल्या. मग बांबूच्या चिकाचा पडदा स्वतःच्या हाताने बाजूला सारून त्या भर दरबारात उघड्या तोंडाने उभ्या राहिल्या आणि तबकातल्या पदकाला त्यांनी लवून मुजरा केला.