मापाला उभी केलेली बाई

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पावसानं दडी मारली आणि आमच्या उत्खननाला मजुरांची वानवा राहिली नाही. मांजरेकाठच्या पांढरीच्या टेकाडाखाली एका जुन्या नगराचा तट सापडला होता. मी पुरातत्त्व खात्याचा तांत्रिक सहायक, नांदेडचा. कामात चोख आणि जिभेनं तिखट, असं लोक म्हणत. दोन्ही खरं होतं.

तटाच्या विटांत एक कोनाडा निघाला. माणूस उभा राहील एवढा, आतून गिलावा केलेला, आणि रिकामा. फोटोत उंची कळावी म्हणून शेजारी मापाची काठी ठेवतात. आमची वाळवीनं खाल्ली होती. अशा वेळी मजूर उभा करायची रीतच आहे. मी साखराबाईला हाक मारली. घमेलं उचलताना तिच्या बांगड्या वाजत, त्यामुळे ती कुठं आहे ते न बघताही कळे.

तिचा सासरा ग्यानोबा आमचा मुकादम. तो म्हणाला, "साहेब, दुसरीकडं उभी करा. ती जागा कुणासाठी तरी राखल्यावानी दिसायलीय."

"रुमाल तर कुठं टाकलेला दिसत नाही," मी म्हणालो. सगळे हसले. ग्यानोबा हसला नाही.

ती आत नेमकी मावली, डोक्यावर बोटभरही जागा उरली नाही. बाहेर आली तेव्हा लुगडं पाठीवर ओलं होतं. "आत लई गार हाय," एवढंच बोलली. दोन महिने आम्ही सगळे टँकरचं मचूळ पाणी पीत होतो.

तो फोटो हलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर कोनाड्याच्या तोंडाशी विटांचा घोट्याएवढा थर होता. मजुरांचा चावटपणा समजून मी सगळ्यांना झापलं. विटा तटाच्याच मापाच्या होत्या, तितक्याच जुन्या. पहारीनंही हलल्या नाहीत. त्या दिवशी फोटो राहून गेला.

तिसऱ्या दिवशी थर कमरेपर्यंत आला होता.

"साहेब, आज नगं," साखराबाई म्हणाली. "आत कुणीतरी हात धरतंय."

ती घाबरली आहे हे मला दिसत होतं. पण तिनं मला नाही म्हणावं याचाच राग आला. दुपारी लातूरहून मोठे साहेब यायचे होते.

"मग उद्यापासून कामाला येऊ नको."

पंचक्रोशीत दुसरं काम नव्हतं. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. ग्यानोबानं मान खाली घातली.

ती विटा ओलांडून आत गेली.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. बटण दाबलं.

कॅमेरा खाली केला, तर समोर सलग तट होता.

आत बांगड्या वाजत होत्या.

मी पहार उचलली. तेवढ्यात तटाच्या पायाशी माती काळी पडली आणि पाणी वर आलं, नितळ. बायका घागरी आणायला पळाल्या. तटाकडं कुणी बघेना.

ग्यानोबानं माझं मनगट धरलं. "खांदू नका, साहेब. पाणी लागलंय."

"तुझी सून आहे ती."

"हाव," तो म्हणाला, आणि तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

मी प्यायलो. त्या वर्षात इतकं गोड पाणी प्यायलो नव्हतो. पहार खाली ठेवून दुसरा तांब्या मागितला, तेव्हाही आतून बांगड्या वाजतच होत्या.