आवाज नसलेली दोन मिनिटं

पडद्यावरचा नायक तळमळून बोलत होता आणि आवाज मात्र येत नव्हता. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी त्याच्या वतीनं कन्नडमध्ये ओरडलं, "बस काही येत नाही, निदान तू तरी ये!"

नायिकेचे ओठ हलले... आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत मागच्या रांगेतून संयोगितानं तिच्या वतीनं ठोकून दिलं, "आधी दाढी करून ये!"

हॉल खदखदून हसला. पुढच्या रांगेतला तो ओरडणारा वळला. चष्म्याच्या काचांवर पडदा चमकत होता, खाली नुसतं हसू. त्या गडबडीत तिच्या हातची चुरमुऱ्यांची पुडी सांडली.

"अगं बाई, सगळे गेले की!"

"मराठी?" तो कुजबुजला. "मी रोशन. निपाणीचा."

"आम्ही इथलेच, बेंगळूरचे. तीनशे वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्हीच उशीर केलात यायला."

'हळदी बस्सु', म्हणजे पिवळी बस, हा सिनेमा वीस वर्षांपूर्वी चार दिवसांत पडला होता. उरलेल्या एकुलत्या एक प्रतीत बसथांब्याच्या प्रसंगाला दोन मिनिटं आवाजच नव्हता. मल्लेश्वरमच्या त्या जुन्या थिएटरनं शनिवारी रात्री साडेअकराला तो गंमत म्हणून लावला, कॉलेजच्या पोरांनी त्या मुक्या प्रसंगात आपापली वाक्यं भरली आणि बघता बघता पार शहराच्या टोकाच्या येलहंक्याहून माणसं यायला लागली. पडलेल्या सिनेमाला भक्त मिळाले. मग रीतच पडली... मुलांनी नायकाचं बोलायचं, मुलींनी नायिकेचं, आणि सगळं कन्नडमध्ये. चार महिन्यांत अशी वेळ आली, की रोशन आणि संयोगिता सुरू झाले की बाकीचा हॉल आपणहून गप्प बसायचा.

सिनेमा सुटला की समोरच्या गाडीवर चहा. अंधारात दीडशे माणसांसमोर वाघासारखा बोलणारा रोशन उजेडात आला की पार मुका व्हायचा.

"स्वल्प बोला की हो," ती चिडवायची. "की तिकीट काढल्याशिवाय तोंड उघडत नाही तुमचं?"

"तुम्ही आहात की बोलायला," तो म्हणायचा आणि तिच्या ग्लासातला चहा निवेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा. पुढं 'तुम्ही'चं 'तू' झालं. रिक्षात बसवताना तिच्या शालीचं टोक तो हळूच आत सरकवायचा. तिला एकच हवं होतं... त्यानं विचारावं. दर शनिवारी ती आपलं 'हो' ओठांवर घेऊन घरी जायची आणि आठवडाभर पुढच्या शनिवारची वाट बघायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पडद्यावर नायकानं नायिकेचा हात धरला आणि रोशनचा आवाज आला. वेगळाच, खालचा.

"माझ्याबरोबर राहशील का गं... कायमची?"

हॉलमध्ये कुणाला कळलं, कुणाला नाही. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, आणि संयोगिताला हसवायची सवय लागलेली. "हिंदे होगप्पा, क्यू इदे!" मागं जा बाबा, इथं रांग आहे! शिट्ट्या पडल्या. कुणीतरी चुरमुरे उधळले.

त्या रात्री तो चहाला थांबला नाही. पुढचे तीन शनिवार आलाच नाही. फोन केला तर 'कामात आहे' एवढंच. नायकाची वाक्यं दुसरंच कुणीतरी म्हणत होतं. नायिकेची संयोगितानं इतर मुलींवर सोडली.

चौथ्या शनिवारी तो आला, पण आत नाही. सिनेमा सुटल्यावर चहाच्या गाडीपाशी उभा होता. बारीक भुरभुर चालली होती.

"अथणीत ठरलं माझं," तो म्हणाला. "साखरपुडा झाला. अश्लेषा नाव आहे तिचं."

तिनं हातातला ग्लास गाडीवर ठेवला. "आणि मला विचारावंसं नाही वाटलं तुला?"

"विचारलं की. दीडशे माणसांसमोर."

"ते... ते तर तू नायकाचं बोलत होतास!"

"नायक मराठीत कसा बोलेल, संयोगिता?"

चार महिन्यांत त्या मुक्या प्रसंगात तेवढं एकच वाक्य मराठीत होतं. आणि तिनं उत्तर हॉलला दिलं होतं.

"मला वाटलं, नाही म्हणायची ही तुझी पद्धत," तो म्हणाला. "हसत हसत... म्हणजे माणूस दुखावला जाऊ नये."

"मी हो म्हटलं असतं रे," ती म्हणाली. "एकदा उजेडात विचारायचं होतंस. एकदाच."

चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. एक रिक्षा जवळ येऊन थांबली आणि पुढं निघून गेली.

"काल तिचा फोन होता," रोशन म्हणाला. "विचारत होती, बेंगळूरला थंडी असते का... स्वेटर आणू का. मी अजून काही सांगितलं नाही तिला."

तो चष्मा काढून पुसत राहिला, वर बघेना. काय म्हणायचं ते संयोगितावर होतं. नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिच्या डोळ्यांपुढं अथणीतली एक न पाहिलेली मुलगी आली, ट्रंक उघडून बसलेली, या माणसाच्या एका शब्दासाठी ताटकळलेली. वाट बघणं म्हणजे काय, हे संयोगिताला कुणी सांगायला नको होतं.

"आणू दे," ती म्हणाली. "जाडच आण म्हणावं. डिसेंबरात फार बोचते इथली थंडी."