थोरल्याच्या दोन वाटा

साठ सालचा उन्हाळा सरत आला होता. कवठे येमाईच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक वस्ती होती, तिथून जालिंदर शेवंतीची रोपं आणायला निघाला. रोपं मिळायची डोंगरापलीकडच्या गावात. त्या डोंगराला लोक नुसतं ‘थोरला’ म्हणत, कारण आसपास एवढा उंच दुसरा नव्हता. वर जायला दोन वाटा. बैलवाट लांबून वळणं घेत जायची, तर मेंढवाट सरळ, थेट वस्तीच्या मागं उतरणारी.

रीत मात्र एकच. ज्या वाटेनं चढायचं त्याच वाटेनं उतरायचं. चढताना पायथ्याच्या हिवराच्या झाडाखाली आपला एक दगड ठेवायचा, उतरल्यावर तो आपल्याच हातानं उचलून टाकायचा. का, ते कुणी धड सांगत नसे. भिमाजीआबा मेंढरं राखता राखता एवढंच म्हणायचे, "थोरला कुनाला ठिवून घेत न्हाई. चढला त्यो उतरनारच."

जालिंदर बैलवाटेनं चढला. आला तो मेंढवाटेनं, दिवेलागणीला, डोक्यावर रोपांची पाटी घेऊन.

"हिकडनं कसं आलात?" धुरपदानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"ढग उतरलं हुतं. जवळची वाट धरली."

"आन् दगड?"

तो नुसता हसला.

आता जालिंदर हसला हीच मुळात नवलाची गोष्ट. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. भाकरीला जरा डाग पडला की ताट भिंतीवर, आणि त्यामागोमाग बायकोवर हात. मुलगा हवा होता, झाली मुलगी, म्हणून तिचं नाव नकुशी ठेवलं आणि सात-आठ महिन्यांत तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं करपलेली भाकरी मुकाट खाल्ली, हात धुतले आणि पोरीला उचलून घेतलं.

"हिला नकुशी का म्हनतीस?"

"तुमीच ठिवलं की नाव."

"आसं व्हय..." तो म्हणाला आणि हलक्या आवाजात पोरीला गाणं म्हणू लागला.

धुरपदाच्या मनात पाल चुकचुकली. बाईचा जन्मही मोठा वेडा. नवरा मारतो म्हणून रडायचं, आणि एके दिवशी मारलं नाही तर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती म्हणाली, "सरपणाला जाऊन येते."

"जा की. पोरीला ऱ्हाऊ दे माझ्यापाशी." पोर त्याच्या मांडीवर गाढ झोपली होती. उठवून न्यावी तर त्याला संशय येणार. ती तशीच निघाली, आणि वाटेत दहादा मागं वळून पाहिलं.

तिला फक्त दगड बघायचा होता. दगड जागेवर असला तर नवरा विसराळू, एवढंच. जालिंदर नेहमी फुटक्या जात्याचा तुकडा ठेवायचा, तो शंभरांत ओळखू यायचा. बैलवाटेच्या हिवराखाली वाकून बघते तर तुकडा नव्हता. त्या जागी ओल्या मातीचा गोल होता आणि मुंग्या तोंडात अंडी धरून सैरावैरा पळत होत्या. दगड आत्ताच कुणीतरी उचलला होता.

पलीकडे भिमाजीआबा मेंढरांत उभे होते.

"आबा... हितला दगड कुनी उचलला?"

"कुनी म्हंजी? जालिंदरानं. आत्ताच उतरला की, रानातनं आडवा घराकडं गेला. ढगात वाट घावंना म्हनून राती वरच ऱ्हायला म्हनं. रोपं बी गमावली. लई तापलाय गडी."

पोर... पोर घरात होती. धुरपदा ऊर फुटेस्तोवर पळाली.

वस्तीत शिरताच शेजारच्या नूरबीनं, सुभान पिंजाऱ्याच्या बायकोनं, तिचा दंड धरून तिला आपल्या ओसरीवर ओढलं.

"धुरपदे, तुजा नवरा आमच्या ओसरीवर बसलाय. तुमच्या दाराशी गेला, आन् तसाच मागं आला. म्हनतोय, माज्या घरात कोन गानं म्हनतंय..."

पिंजलेल्या कापसाच्या ढिगाआडून जालिंदर उठला. कपडे चिखलानं भरलेले, हातात जात्याचा तुकडा.

"रांडे, कुनाला घरात घेतलंस?" असं म्हणून त्यानं हात उगारला.

धुरपदानं तो हात ओळखला. चार वर्षं अंगावर झेललेला हात होता तो. नवरा हाच, यात तिळभर शंका नव्हती. तिनं नूरबीच्या हातातून दंड सोडवला, स्वतःच्या घरात शिरली आणि आतून कडी घातली.

बाहेर दार धडधडलं. शिव्या झाल्या, मग विनवण्या झाल्या... जालिंदरानं आयुष्यात पहिल्यांदा तिला विनवलं. ती कडीला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी हात सुटत नव्हते. हळूहळू आवाज लांब गेला, मेंढवाटेनं थोरल्यावर, आणि थांबला.

घरात दिवा लावायचा राहिला होता. अंधारात पोर खुदकन हसली.

"दमला बिचारा," मांडी हलवत तो हळू आवाजात म्हणाला. "सुरवातीला लई थंडी वाजती वर... मग यखादं घर घावतं. मलाबी घावलंच की."