उठवलेली जागा

वस्तू बघितल्याशिवाय घेऊ नये, हे मला आमच्या दूधवाल्यापासून सगळ्यांनी सांगून झाले आहे. पण मी कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढला. तिथे पुस्तके सूचीत बघूनच मागवायची असतात. कलकत्त्याच्या एका लिलाववाल्यांची छापील सूची आमच्याकडे नियमाने यायची. जुन्या घराण्यांचे ग्रंथसंग्रह ते विकत, आणि शेवटच्या पानांवर झुंबरे, पियानो, मोटारी असत. बोली टपालाने पाठवायची. मी अधूनमधून पाठवत असे, कारण माझी बोली कधीच लागत नसे. भित्र्या माणसाला एवढेच धाडस पुरते.

निवृत्त झालो त्या साली, म्हणजे १९७३ साली, ती लागली.

सूचीत फोटो होता. जुनी, विलायती, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार, टप मागे पाडलेला. खाली बारीक अक्षरात 'फेरबदल केलेली' असे लिहिले होते. कसले फेरबदल, ते विचारावे हे मला सुचले नाही. सुचले असते तरी मी विचारले नसते. आम्हाला मूलबाळ नव्हते. सुभद्राचा आणि माझा संसार घर, कॉलेज आणि गोकुळपेठेचा भाजीबाजार एवढ्यात पायी फिरून संपत आला होता. तिला एकदा वाऱ्यावर कुठेतरी न्यावे, असे मनात आले होते. मला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट बोलीचे पाकीट टाकताना माझ्या मनात आली नाही, असे मात्र मी म्हणणार नाही.

रेल्वेच्या मालधक्क्यावरून गाडी ढकलत घरी आणली ती चंपतरावने. चंपतराव म्हणजे सुभद्राचा धाकटा भाऊ. मौद्याला धानाची शेती, ट्रॅक्टर, आणि जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल मोठ्या आवाजात मत.

"भाऊजी, हे का आणलं जी तुम्ही?" त्याने अंगणातच सुरुवात केली. "दोघं बसाल, मंग थैली कुठं ठेवाल? संत्र्याची एक पेटी नाही मावत हिच्यात!"

"संत्री न्यायला नाही घेतली मी."

"मंग कायले घेतली?"

शेजारी कुंपणाला टेकून ऐकत होते.

फेरबदल काय होता, ते त्यानेच दाखवले. गाडी मुळात डाव्या हाताने चालवायची होती, परदेशातल्या रस्त्यांसाठी केलेली. इकडे आल्यावर कोणीतरी स्टेअरिंग, पायडल, सगळे उचलून उजवीकडे बसवले होते. डावीकडे जिथे स्टेअरिंगचा दांडा होता, तिथे आता तळहाताएवढा गोल पत्रा ठोकलेला होता. खाली जुन्या पायडलांची भोके झाळून बुजवली होती. काम सफाईचे होते. तरी त्या गोल पत्र्याकडे बघताना बुबुळावर पांढरा पडदा आलेल्या डोळ्याकडे बघितल्यासारखे वाटे. मी चंपतरावला हे म्हणालो नाही. त्याने गावभर केले असते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे, बोनटवर स्वस्तिक. सुभद्राने स्टेअरिंगला हळदकुंकू वाहिले, मग वळसा घालून डावीकडे आली आणि त्या गोल पत्र्यालाही बोट टेकवले.

"तिथं काही नाही," मी म्हणालो.

"आता नाही. होतं न पहिले." ती ताटातली सुपारी उचलत होती. "आमच्या मौद्याले मारोती नव्या देवळात नेला, तं जुन्या ओट्यावर अजूनही फूल वाहतेत. देव उठवला म्हणून जागा उपाशी ठेवते का कोणी?"

"हा देव नाही, सुभद्रा. मोटारीचा दांडा होता."

"मंग मोटारीची पूजा काहून करून राहिले तुम्ही?"

चंपतराव खो खो हसला. बहिणीला तो बाई म्हणे. "भाऊजी, बाईसंगं वाद नका घालू जी. हराल."

तिने पत्र्यासमोर सुपारी मांडली, अक्षता टाकल्या आणि घरच्या गणपतीपुढे म्हणते तेच म्हणाली, "या, बसा, इथं सुखानं राहा." डोळे मिटून, मनापासून. ती कुठलीच गोष्ट अर्धवट करत नसे. मला काहीतरी बोलावेसे वाटले होते. पण काय, ते नक्की ठरेना, आणि तोवर ती पेढे वाटायला गेली.

पुढचे दिवस नुसत्या कटकटीचे होते. चंपतराव मला शिकवायला येई. मी क्लच सोडला की गाडी म्हशीसारखी अंग झाडून बंद पडे. लॉ कॉलेजच्या चौकात मी अशी रहदारी अडवली की एक टांगेवाला खाली उतरून मला नमस्कार करून गेला. त्यात नोव्हेंबरात पेट्रोलचे भाव भडकले. ज्याला त्याला माझी थट्टा करायला नवे कारण मिळाले. लिलाववाल्यांना मी तक्रारीचे पत्र लिहिले. उत्तरादाखल त्यांनी नवी सूची पाठवली.

एका दुपारी चंपतराव आला नाही. सुभद्रा म्हणाली, "मी बसतो बाजूले. बंद पडली तं पडली."

पडली नाही. अंगणातून निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. मी फुटाळा तलावापर्यंत गेलो, वळलो, परत आलो.

"आली की तुमाले!" सुभद्रा म्हणाली. गालांवर वाऱ्याची लाली होती. मला ती लग्नातल्यासारखी दिसली.

दुसऱ्या दिवशी चंपतरावसमोर मी परत म्हशीवर बसलो होतो.

"बाईचा पायगुण हाये," तो म्हणाला, आणि बोलता बोलता खरेच बोलून गेला.

हे माझ्या उशिरा लक्षात आले, याचे कारण मी स्वतःच. गाडी नीट चालली की मला वाटे, चुकून जमले. मी ब्रेक दाबण्याआधीच वेग कमी झाला, तर वाटे, दाबला असेल, आपल्याला कळले नाही. आयुष्यभर स्वतःवर अविश्वास ठेवला की दुसऱ्या कशावर संशय घ्यायला जागाच उरत नाही.

मग एकदा शंकरनगरच्या वळणावर एक गाय आडवी आली. माझा पाय हलला नव्हता, हे मला नक्की माहीत होते, कारण मी घाबरून गोठलो होतो. गाडी थांबली. मी शेजारी बघितले. सुभद्राचा उजवा पाय खालच्या झाळलेल्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता.

"तू पाय दाबलास?"

"मी? मी काहून दाबीन?" तिने पाय काढून घेतला आणि त्याच्याकडे परक्याच्या पायाकडे बघावे तसे बघितले.

शेजारी बसणारे सगळेच भीतीने पाय दाबतात, असे मी स्वतःला सांगितले. हे खरेच आहे.

पण तो झाळलेला पत्रा रोज जास्त चकचकीत होत होता. दसऱ्याची सुपारी कुठे पडली, ती सापडली नाही. गोल पत्र्यावर मात्र रोज ताजे कुंकू असे. सकाळी चहा गाळून मी हाका मारू लागलो की ती घरात नसे. अंगणात, उन्हात, गाडीत डाव्या बाजूला बसलेली असे, ताठ, समोर बघत.

"चहा निवून राहिला, सुभद्रा."

"हो. येतो."

येत नसे. मी कप घेऊन जाई, ती प्यायची, कप न बघता परत द्यायची. घरात बोलणे कमी झाले. पूर्वी भाजी महागली यावर ती अर्धा तास बोले. आता मी भाजी आणली की ती पिशवीकडेही बघत नसे. मी चिडलो. दारे आपटली. गाडीची किल्ली पुस्तकांमागे लपवली. म्हातारपणी एका यंत्राचा मत्सर वाटावा, याची लाजही वाटली. किल्ली लपवली त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत गाडीतून उतरली नाही. शेवटी मीच आणून दिली.

आणि गाडी पूर्वेला ओढू लागली. सेमिनरी हिलला जायचे म्हणून निघावे, तर सदरवरून आम्ही भंडारा रोडला, म्हणजे मौद्याच्या वाटेला लागलेले असू. माझ्याकडून वळण चुकते, असेच मी धरून चाललो होतो.

डिसेंबरात, भर दुपारी, त्या रस्त्यावर मी स्टेअरिंगवरचे हात उचलले. नुसते बघायला.

समोर धानाच्या तणसाने लादलेली बैलगाडी होती. आम्ही तिच्यामागे हळू झालो. पलीकडून ट्रक गेला. मग आम्ही उजवीकडून बाहेर पडलो, बैलगाडी ओलांडली आणि परत डावीकडे आलो.

स्टेअरिंग माझ्यासमोर आपले आपण फिरले होते.

सुभद्राचे हात मांडीवर होते. अर्धवट मिटलेले, काहीतरी गोल धरल्यासारखे. ते हलायचे, आणि मग स्टेअरिंग हलायचे. आधी ते, मग हे.

"सुभद्रा," मी म्हणालो.

"बोलू नका मधातच," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. तसा त्रासिक सूर मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मौदा येईपर्यंत मी हात परत ठेवले नाहीत. ठेवून उपयोग नव्हता. चंपतरावचे घर दिसले तेव्हा मी ओरडून त्याला हाक मारली. आयुष्यात मी रस्त्यावर ओरडल्याचे ते एकच उदाहरण. तो धावत आला आणि गाडीसमोर उभा राहिला. गाडी थांबली, इंजिन चालूच राहिले. मी किल्ली फिरवून बाहेर काढली. तरी चालूच राहिले.

"बाई! उतर वं खाली," चंपतराव म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितले नाही. त्याचे हसणे तोंडावर तसेच राहिले आणि हळूहळू निरुपयोगी झाले. "भाऊजी, काय करून ठेवलं जी तुम्ही?"

मला पुस्तकातलेच सुचते. बोलावलेल्या देवाला निरोप द्यायचा तर उत्तरपूजा करतात. अक्षता वाहायच्या, 'पुनरागमनाय च' म्हणायचे आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. हलवली की देव गेला. राहते ती नुसती माती. मी हे चंपतरावला सांगितले. तो लगेच घरातून मूठभर तांदूळ आणि कुंकू घेऊन आला. हे मला जास्त भयंकर वाटले. त्याने थट्टा करायला हवी होती.

मी अक्षता त्या गोल पत्र्यावर टाकल्या. दोनदा शब्द अडखळले. पुन्हा येऊ नका, हे संस्कृतात कसे म्हणायचे ते मला आठवेना, म्हणून 'पुन्हा यावे' असेच म्हणालो. मंत्र तसाच आहे.

"आता हलवा," चंपतराव कुजबुजला.

"काय हलवू? इथे काही नाहीच. सुपारीसुद्धा नाही."

"काहीतरी हलवा न जी!"

पत्रा खिळ्यांनी ठोकलेला होता. मी नखांनी ओढून बघितला. डाव्या बाजूला हलण्यासारखे एकच होते. मी वाकलो आणि सुभद्राच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला जागेवरून थोडे माझ्याकडे ओढले.

इंजिन बंद पडले.

ती हलकी लागली, फार हलकी. तिने डोळे मिचकावले. "आलं का मौदं?" तिने विचारले. "तहान लागली गा चंपत. पाणी आण."

मी तिथेच धुळीत बसलो. चंपतराव बायकांसारखा रडला. पत्र्यावरचे कुंकू वाळून पोपडा होऊन खाली पडले. नंतर त्याने इंजिन चालू करून बघितले. ते खोकले, अंग झाडून बंद पडले. पूर्वीची म्हैस. मी त्याला म्हणालो, "गाडी इथेच ठेव. भंगारात घाल, विहिरीत टाक, काहीही कर."

आम्ही बसने परतलो. सुभद्रा सगळी वाट बोलत होती. चंपतच्या घरची डाळ पातळ होती, भावजयीचे लक्ष नाही, वांगी कशी दिली. मी हो हो म्हणत होतो. वांग्यांबद्दल इतके लक्ष देऊन मी कधी ऐकले नसेल. बसस्टँडवर उतरलो तेव्हा अजून ऊन होते. धरमपेठेसाठी सायकलरिक्षा केली. बर्डीच्या चढापाशी येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोके ठेवून ती झोपली. कित्येक दिवसांत ती अशी झोपली नव्हती.

हा चढ मोठा. इथे रिक्षावाले खाली उतरून ओढत नेतात. हा उतरला नाही. याला उतरायला सांगावे की आपण उतरावे, अशा विचारात मी होतो.

"बाबूजी," तो मागे न बघता म्हणाला. "धरमपेठच म्हनलं होतं न तुम्ही?"

"हो. का?"

मी पुढे वाकून बघितले. त्याने दोन्ही पाय पायडलवरून उचलून वर दांडीवर घेतले होते. पायडल फिरत होते. चढ संथपणे मागे जात होता.

सुभद्राचा श्वास माझ्या मानेवर एकसारखा लागत होता. मांडीवरचे तिचे हात, झोपेतच, जरासे उजवीकडे वळले.