खेळण्यांच्या खोक्यातलं पाकीट

मुलांच्या रुग्णालयात मी रोज शिकवायला जातो. निवृत्त झाल्यापासूनचं हे काम. खाटेवरच शाळा भरते आणि जेवणाच्या ट्रेचं बाक होतं.

त्या दिवशी खिडकीजवळची तुडतुडी भिंतीकडे तोंड करून पडली होती. हे नाव सिस्टरनं ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी ठरत नसे. तिच्या हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशनला न्यायला आले की ती इतका आकांत करी, की ठोके बिघडत. डॉक्टरांनी दोनदा पुढे ढकललं होतं. आता थांबण्यात धोका होता. दुपारी तिला न्यायचंच होतं.

"तुम्हीच बघा, सर," तिचे बाबा दाराबाहेर म्हणाले. "माझ्याशी बोलत नाही ती. मी सांगून बसलो ना, अजिबात दुखणार नाही म्हणून."

ठोकळे काढायला मी खेळण्यांच्या खोक्यात हात घातला, तर एक पाकीट लागलं. तपकिरी चामड्याचं, कडा झिजलेलं. कुणा पालकाचं पडलं असणार.

"तुडतुडे, हे कुणाचं असेल गं? नाव नाही शोधायचं. वस्तूंनाच विचारायचं."

"मला काय करायचंय?" ती भिंतीला म्हणाली. पण वळली.

पाकीट तिनं उघडलं, मिटलं, बोट ठेवायची जागा चाचपली. चामडं एकाच बाजूला गुळगुळीत झालं होतं.

"डावखुरं माणूस आहे. माझ्यासारखं."

"शाब्बास!"

मग चष्मा पुसायचं फडकं निघालं. कागदाच्या पुडीत फळाच्या बिया निघाल्या.

"बिया कोण साठवतं? कंजूषच दिसतंय."

"झाड मोठं होईपर्यंत थांबायची ज्याची तयारी असते, तो साठवतो."

तिनं बिया परत पुडीत बांधल्या. पाकिटाला हात लावून म्हणाली, "गरम आहे हे."

खरंच कोमट होतं. आत्ताच कुणीतरी खिशातून काढल्यासारखं. खोकं मात्र कालपासून कुणी उघडलं नव्हतं.

आतल्या कप्प्यात बसचं तिकीट होतं, घड्या घालून केलेली गोगलगाय. कागद पिवळा पडला होता आणि घड्यांवर कापडासारखा मऊ झाला होता.

"सर, ही तर आपली!"

माझा हात थांबला. अशी गोगलगाय मीच शोधून काढलेली. शिंगं आत दुमडून परत बाहेर काढायची युक्ती मला आदल्या दिवशीच जमली होती, आणि ती मी फक्त तुडतुडीला दाखवली होती.

"दुसऱ्या कुणाला सुचली असेल," मी म्हणालो. माझं मलाच पटलं नाही.

शेवटी फोटो निघाला. पांढऱ्या केसांची बाई. हसताना एक डोळा बारीक झालेला. पोलक्याच्या सैल गळ्यातून छातीवर उतरणारी एक फिकट, जुनी रेघ दिसत होती.

तुडतुडीनं स्वतःच्या सदऱ्यात डोकावून पाहिलं.

तिथे अजून काही नव्हतं.

"हिला दुखलं असेल?"

"हो."

"खूप?"

"खूप. मग हळूहळू कमी झालं असेल."

ती फोटोकडे बघत राहिली. बघता बघता तिचा एक डोळा बारीक झाला.

"आणि मग म्हातारी झाली," ती म्हणाली. मग दाराकडे ओरडली, "बाबा, चला! पण उचलून नाही हं. मी बसून जाणार."

पाकीट मी रखवालदाराकडे दिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो, तेव्हा काचेपलीकडे तुडतुडी झोपली होती. शेजारी खुर्चीत बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

"पाकीट गेलं, सर," रखवालदार म्हणाला. "आत्ताच एक आजी येऊन गेल्या. फोटो त्यांचाच, म्हणून दिलं."

"काही बोलल्या?"

"छे. इथं काचेशी उभ्या राहून पोरीकडे बघत होत्या. एकदम छातीवर हात गच्च दाबला, डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, आजी, बरं नाही का?"

त्यानं काचेकडे बोट केलं.

"आणि त्यानंतर, सर, आत पोरगी खोकली. तिनंही तस्साच छातीवर हात गच्च दाबला."