उसनी माया

दूध पाजणाऱ्या मावश्यांचं आता मिरजेत कुणाला नवल राहिलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर मृणालशेजारी एक आत्या भाचीला पदराखाली घेऊन खुशाल बसली होती. मृणालची मांडी मात्र रिकामी होती. जुईला भोपाळला पाठवून आठवडा झाला होता आणि आज तिला दुधासाठी डोक्यात बसवलेलं यंत्र बंद करून घ्यायचं होतं.

डॉक्टर फरीदा मुजावरांनी त्या यंत्राच्या नोंदी वाचणारं उपकरण मृणालच्या नाकाच्या मुळाशी धरलं. त्याच्या सरळ मागे, कवटीच्या तळाशी, हाडाची खोगिरासारखी खोबण असते आणि तिच्यात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. तिचा पुढचा भाग दूध तयार करवणारं संप्रेरक बनवतो, पण एरवी मेंदू त्याला वरून लगाम घालून असतो. मृणालच्या ग्रंथीच्या देठावर बसवलेलं तिळाएवढं यंत्र तो लगाम सैल करायचं. बाळ ओढू लागलं की पान्हा सोडणारं दुसरं संप्रेरक मागच्या भागातून येतं. मायेशीही त्याचं काही नातं आहे, असं मृणालनं कुठंतरी वाचलं होतं. ते वाचणंच तिला नडलं.

धाकटी बहीण केतकी बाळंतपणात गेली. जुई सातव्या महिन्यातच जन्मलेली, तिला वरचं दूध सोसेना. लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेल्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मृणालनं यंत्र बसवून घेतलं. दूध आलं आणि पाठोपाठ जीवही अडकला. शाळा सुटली की मुलांच्या आधी बाई फाटकाबाहेर पडायच्या.

जुईच्या उष्टावणाला केतकीचा नवरा निनाद बोटीवरून रजा काढून आला होता. मामानं खिरीचं बोट चाटवलं, पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. त्या हसण्यातच निनाद हळूच म्हणाला, "ताई, तुम्हीच ठेवाल का हिला? कायमची?"

"माझी माया उसनी आहे हो," मृणाल म्हणाली. "यंत्र बंद झालं की आटेल. मग पोरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

आपण किती खरं बोललो, याचं तिला त्या दिवशी कौतुकच वाटलं होतं. पुढं निनादच्या भोपाळमधल्या थोरल्या भावानं आणि शाल्मलीवहिनीनं जुईला रीतसर दत्तक घेतलं.

"अहो, हे कधीचंच बंद पडलंय," नोंदी बघत डॉक्टर म्हणाल्या. "एप्रिलमध्येच. तपासणीला तुम्ही फिरकलाच नाहीत."

उष्टावण जूनमधलं.

"मग दूध कसं येत होतं?"

"बाळ ओढत होतं ना! त्यानं मेंदू आपणच लगाम सोडतो. एकदा सुरुवात झाली की पुढं यंत्र लागतंच असं नाही."

"आणि... जीव लागतो तो?"

"त्या मागच्या भागाला आम्ही कधी हातच लावला नव्हता, मृणालताई. जे होतं ते तुमचंच होतं."

मृणालला स्वतःचा भयंकर राग आला. आपल्याच काळजावर विश्वास ठेवायला तिला यंत्राचा दाखला हवा होता!

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर शाल्मली होती, केस विस्कटलेले, चेहरा मात्र आनंदानं फुललेला.

"ताई, त्रास देते हं. खाते, खेळते, सगळं छान आहे. झोपतानाच तेवढी रडते. तुम्ही काय म्हणून झोपवायचात हो तिला?"

"नद्या," मृणाल कशीबशी म्हणाली. "गोदावरीला मिळणाऱ्या. दारणा... प्रवरा... सिंदफणा..."

"दारणा, प्रवरा, सिंदफणा, आणि?" शाल्मली शहाण्या विद्यार्थिनीसारखी घोकू लागली. इतकी वर्षं कूस उजवली नाही म्हणून देव पाण्यात ठेवलेली ती बाई पुढच्या नदीसाठी थांबली होती. तिच्यामागून जुईचा सूर चढला, आणि मृणालचं पोलकं छातीशी ओलं झालं. डॉक्टरांनी मान वळवली.

पोर परत मागावी तर कुणाच्या कुशीतून ओढून? आणि पुढची नदी सांगून टाकावी, तर जुई आज कुणाची होऊन झोपेल?