पाठीवरचं ऊन

आता जे सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मला आधीच ठाऊक आहे. माझ्या पुतणीचा तर नाहीच. ती समोर पाय पोटाशी घेऊन बसलीय आणि मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवतेय. हलव बाई, हलव. पण त्या बेटावर एका बाईने नुसत्या माणसांच्या कातड्या वाचून चोर पकडला, हे अगदी खरं आहे.

बेट कसलं, समुद्रात तरंगणारी पंगतच ती! बोटीतून उतरलं की मनगटाला निळा पट्टा बांधायचे. मग खा, प्या, लोळा, कुणी काही विचारत नसे. तोच पट्टा दाराला लावला की खोलीचं कुलूप उघडे. कात्रीशिवाय तो निघत नसे. परत जाताना धक्क्यावर कापून घेत. एका खेकड्याच्या नांगीलाही चुकून पट्टा बांधला गेला आणि तो रोज नाश्त्याच्या रांगेत उभा राहू लागला, असं म्हणालो तर पुतणी उठून जाईल. म्हणून म्हणत नाही.

तर त्या बेटावर छकुताई सुट्टीला आली होती. पेशाने खाजगी गुप्तहेर. सोबत थोरला भाऊ, म्हणजे दादा. दादांनी जन्मभर लोकांचे दात काढले, आता स्वतःचे वापरण्याचा सपाटा लावला होता. त्या दुपारी ते किनाऱ्यावरच्या लांब खुर्चीवर पालथे पडून कण्हत होते.

"पाठीच्या मधोमध काय झालंय बघ गं, छकुले."

"लाल पान उमटलंय. पिंपळाएवढं. बाकी सगळीकडे क्रीम लागलं, तिथे हात पोचला नाही."

"एकट्या माणसाने पाठीला क्रीम लावायचं तरी कसं?"

"मला हाक मारायची."

"बहिणीकडून पाठ चोळून घेऊ? चारचौघांत?"

"मग भोग."

इतक्यात त्यांच्यावर सावली पडली. एक गृहस्थ उभा होता. चेहरा पांढराफटक.

"ताई, तुम्ही तपास करता असं कळलं. मला चोर ठरवलंय."

तो घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करायचं छोटंसं दुकान होतं त्याचं. सकाळी नाश्त्याच्या व्हरांड्यातून इथल्या फोटोग्राफरचा कॅमेरा गेला, आणि दुपारी झाडणाऱ्या बाईला तो याच्या खोलीत, याच्याच पलंगाखाली सापडला.

"मॅनेजर म्हणतो, संध्याकाळच्या बोटीने पोलिसांच्या हवाली करणार. ताई, लोक माझ्याकडे मेलेल्या बापाचं घड्याळ ठेवून जातात, पावतीसुद्धा मागत नाहीत. चोर म्हणून त्या धक्क्यावर उतरलो, तर पुन्हा कोण माझ्या हातात काही देईल?"

"कॅमेरा जसाच्या तसा मिळाला?"

"कार्ड तेवढं नव्हतं. आठवडाभराचे फोटो होते म्हणे त्यात."

छकुताईने वाळूत बोटाने एक रेघ ओढली. "सगळं सांगा. इथे आल्यापासून."

"मी कालच संध्याकाळी आलो. ही मात्र आठवडाभर आधी आली. मोठं दुखणं काढलंय तिने, डॉक्टर म्हणाले समुद्राची हवा खा. मला दुकान बंद ठेवता येईना. काल निघालो तर धक्क्यावर माझा मित्र हजर! बॅग घेऊन. म्हणाला, चल, मीही येतो." घड्याळजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "लहानपणापासूनचा दोस्त. बोट लागून मी आडवा झालो, तर माझी बॅगसुद्धा त्यानेच उचलली. पट्टा बांधणारी मुलगी म्हणाली डावा हात द्या, तर म्हणतो, डाव्यात दोस्ताची बॅग आहे, उजव्याला बांधा. असा माणूस! खोड एकच. माझा मित्र असून आयुष्यात घड्याळ घातलं नाही. मनगटाला खाज येते म्हणतो. दिलेली सगळी घड्याळं कपाटात पडलीत."

"आणि आज सकाळी?"

"पोटात ढवळत होतं, खोलीतच झोपून होतो. मध्ये एकदा दाराचा आवाज झाला. मी विचारलं कोण, तर ही. टोपी न्यायला आली होती. मी कूस बदलून परत झोपलो, ते झाडणाऱ्या बाईच्या धक्क्याने खुंटीवरची टोपी पडली तेव्हाच जागा झालो. मॅनेजर एकच धरून बसलाय. झाडणाऱ्या बाईची किल्ली सोडली तर दार फक्त आमच्या दोघांच्या पट्ट्यांनी उघडतं, बायको क्षणभर डोकावून किनाऱ्यावर गेली, खोलीत मी होतो."

"आपण खोली बघू," छकुताई म्हणाली.

दादांनी कण्हत शर्ट चढवला.

खोलीत घड्याळजीची बायको खिडकीपाशी बसली होती. डोळे सुजलेले. दाराजवळच्या खुंटीला रुंद कडांची गवती टोपी टांगलेली होती.

"छान आहे टोपी," छकुताई म्हणाली. "एकच आणलीत?"

"एकच."

"इथे आठवडाभर कंटाळा नाही आला?"

"मला एकटं राहायला आवडतं. किनाऱ्यावर पडून वाचायचे. कुणाशी ओळख नाही की पाळख नाही."

"तुमच्या यजमानांनी चोरी केली असेल?"

"करतील असं वाटत नाही मला," ती म्हणाली आणि पडदा ओढायला वळली. तिच्या झग्याची पाठ खोल होती. खांद्यापासून खांद्यापर्यंत, मानेपासून खालपर्यंत भट्टीतल्या पावासारखा एकसारखा तांबूस रंग. कुठे डाग नाही.

बाहेर येताच दादा कुजबुजले, "कुठलं क्रीम वापरते विचारायला हवं होतं. नाहीतर माझी पाठ बघ!"

"बघितली, दादा. दोन्ही बघितल्या."

फोटोग्राफर व्हरांड्यात रिकामा फलक पुसत होता आणि आदळआपट करत होता. दर आठवड्याला तो पाहुण्यांचे फोटो या फलकावर लावायचा. आज संध्याकाळी लावणार होता.

"हे लोकांना माहीत होतं?"

"परत जाणारा प्रत्येक जण तेच विचारतो. काल सकाळच्या बोटीच्या लोकांनाही धक्क्यावर सांगितलं, उद्या लावतोय म्हणून."

"त्यांतलं कोण आठवतं?"

"रोज दोन बोटी भरून माणसं येतात नि जातात, बाई. चेहरे माझ्या कॅमेऱ्याला आठवतात, मला नाही."

"कॅमेरा टेबलावर सोडून गेलात कशाला?"

"एका गृहस्थाने कठड्याशी बोलावलं. समुद्रावर उजेड असताना फोटो कसा काढायचा, विचारत होता. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोही बटणं लावून! परत वळतो तर टेबल मोकळं."

मित्र बारपाशी भेटला. पूर्ण बाह्यांचा शर्ट. उजवी बाही पट्ट्याच्या वर दुमडलेली, डावी बटण लावून मनगटावर घट्ट. तो स्टुलावर टेकतो न टेकतो तोच बारवाल्याने त्याच्यासमोर पेला ठेवला. आजूबाजूला सगळे रंगीत, छत्र्या खोचलेले पेले. याच्या पेल्यात नुसतं कोमट लिंबूपाणी.

"वा!" दादा म्हणाले. "न मागता! मला तर तीनदा ओरडावं लागतं."

मित्र हसला, पण पेल्याला हात लावला नाही. "ताई, काहीही करा, पण माझ्या दोस्ताला सोडवा. मी तर काल पहिल्यांदाच या बेटावर पाय ठेवला. माझंच नशीब फुटकं, आल्या आल्या हे बघायला लागलं."

"पाणी घ्या ना. निवेल."

त्याने डाव्या हाताने पेला उचलला. बाही जराशी मागे सरली. मनगटावर बोटभर रुंद पांढरा पट्टा, सगळीकडून सारखा.

"घड्याळ घरी विसरलात वाटतं?" छकुताईने विचारलं.

त्याने बाही खाली ओढली. "हो ना. घाईत राहिलं."

"त्यानेच केलं," पुतणी म्हणते.

थांब गं. मॅनेजरच्या खोलीत सगळे जमू देत की.

जमले. मॅनेजर टेबलामागे, फोटोग्राफर दारात, घड्याळजी खुर्चीत, त्याच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मित्र. मित्राचा हात घड्याळजीच्या खांद्यावर होता. दादा भिंतीला टेकणार होते, पण पाठ आठवली आणि ताठ उभे राहिले.

"कार्ड कुठे लपवलंय ते यांनी सांगावं, म्हणजे विषय संपला," मॅनेजर म्हणाला.

"तोच तर विषय आहे," छकुताई म्हणाली. "कॅमेरा पलंगाखाली टाकून कार्ड तेवढं नेणारा चोर कधी पाहिलात? त्याला कॅमेरा नकोच होता. त्याला एवढंच हवं होतं, की आज संध्याकाळी त्या फलकावर फोटो लागू नयेत. घड्याळजी आले काल संध्याकाळी. आठवडाभराच्या फोटोंत ते असणार कुठून?"

मॅनेजरने पुढ्यातला कागद बाजूला सारला.

"आता टोपी. सकाळी बाई टोपी न्यायला खोलीत आल्या. झाडणारी बाई आली तेव्हा टोपी खुंटीवरच होती. एकच टोपी आहे, त्याच म्हणाल्या. ज्या वस्तूसाठी एवढं ऊन तुडवत आल्या, ती न नेताच गेल्या. कारण काम दुसरंच होतं. व्हरांड्यात उचललेला कॅमेरा त्यांच्या पिशवीत होता. चारचौघांत कार्ड काढता येत नव्हतं, म्हणून खोलीत आणला. यजमानांनी 'कोण' म्हटल्यावर घाबरल्या, ते कूस बदलताच कार्ड काढलं आणि कॅमेरा पलंगाखाली सरकवला. नंतर नेऊ म्हणाल्या असतील. झाडणारी बाई आधी पोचली."

घड्याळजी ताडकन उठला. "काहीतरीच काय! आजारी बाई ती. ती कशाला असलं करेल?"

"बसा. मी बोलले ते तुम्हीच मला सांगितलंत, आणि पुढचंही तुम्हीच सांगितलंय. दादा, तुझ्या पाठीवर पान का उमटलं?"

"हात पोचत नाही म्हणून. सगळ्यांसमोर कशाला विचारतेस?"

"कारण बाईंच्या पाठीला हात पोचला. आठवडाभर एकट्या, कुणाशी ओळख नाही, आणि पाठ मात्र अशी की एक डाग नाही. रोज कुणीतरी क्रीम लावून देत होतं. कोण? ज्याच्यापुढे बारवाला न विचारता कोमट लिंबूपाणी ठेवतो, तो. बारवाल्याला सवयी पाठ होतात, पण एका दिवसात नाही. आणि फोटोग्राफरला कठड्याशी अडकवून ठेवणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट तुमच्याशेजारी उभा आहे."

मित्राचा हात घड्याळजीच्या खांद्यावरून निघाला.

"डाव्या मनगटावरचा पांढरा पट्टा घड्याळाचा, असं हे मला म्हणाले. घड्याळजी, तुम्ही काय म्हणालात?"

घड्याळजीने मित्राच्या मनगटाकडे बघितलं. "तो... घड्याळ घालतच नाही."

"नाही घालत. घड्याळाच्या तबकडीखाली गोल डाग राहतो, हा तर सगळीकडून सारखा. आठवडाभर इथला निळा पट्टा होता तिथे. काल सकाळी धक्क्यावर तो कापला, आणि तिथेच यांना कळलं की उद्या फोटो लागणार. म्हणून संध्याकाळी तुमच्यासोबत उलट पावली परत आले. डावा हात पुढे केला असता, तर पट्टा बांधणारी मुलगी तुमच्यादेखत म्हणाली असती, अरे, तुम्ही तर आत्ताच गेलात ना? म्हणून बॅग सोडली नाही. तुमच्या काळजीने नव्हे."

मित्राने खिशात हात घातला आणि नखाएवढं कार्ड टेबलावर ठेवलं.

"समुद्रात टाकायला दिलं होतं ना मी?" बायको एकदम म्हणाली. तिला गप्प राहवलं नाही.

"टाकवेना," मित्र म्हणाला. "आपले दुसरे फोटोच नाहीत."

मॅनेजर खाकरला, माफी मागू लागला, सगळा दोष झाडणाऱ्या बाईवर ढकलू लागला. घड्याळजीने त्याला हाताने थांबवलं आणि बायकोकडे बघितलं.

"दुपारी यांनी माझा दंड धरला, तेव्हा तू समोर होतीस. काय चाललं होतं तुझ्या मनात?"

ती म्हणाली, "अहो, तुम्ही काही केलं नव्हतंत. मला वाटलं, तुम्ही सुटालच."

दादांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

फोटोग्राफरने कार्ड कॅमेऱ्यात घातलं, खटाखट बटणं दाबली आणि हवा तो फोटो काढून कॅमेरा पुढे केला. "बघायचाय?"

घड्याळजीने ढुंकूनही पाहिलं नाही. शपथेवर सांगतो. मान वर करून छताकडे बघत म्हणाला, "पुसून टाका." बस्स! लांब खुर्चीवर ती पालथी पडलेली, गाल हातावर, डोळे मिटलेले, ओठांवर असं हसू की घरात कधी दिसलं नाही, आणि तो तिच्या पाठीवर वाकलेला, तळहाताला क्रीम. ते सगळं एका बोटाने पुसलं गेलं. घड्याळजी शीळ घालत बोटीत चढला, दुकानात गेला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याला त्या गोष्टीची साधी आठवणसुद्धा झालेली नाही.

"खोटं," पुतणी म्हणते. तिचे पाय आता जमिनीवर आलेत. "छताकडे बघणाऱ्याला तिचे डोळे मिटलेले कसे दिसले? काका, तुम्ही पाहिलात तो फोटो."